अडीच गुणिले साडेतीन: मधले अडीच गेले कुठे?

प्रश्न: सप्रेम नमस्कार. माझी मुलगी सहावीत आहे. अपूर्णांकांच्या बेरजा-वजाबाक्या तिला बऱ्यापैकी जमत होत्या. गुणाकार सुरू झाला आणि सगळंच बिनसलं. २ १/२ × ३ १/२ याचं उत्तर ती ६ १/४ लिहिते. २/३ × १/४ करताना आधी छेद समान करून घेते आणि उत्तर चक्क २ काढते. मी बरोबर उत्तर १/६ असं दाखवलं, तर म्हणाली, "गुणल्यावर उत्तर लहान कसं येईल? तूच चुकतेयस." मला काही सांगताच आलं नाही. नवऱ्याचं म्हणणं, "वरचे वरच्यांशी गुण, खालचे खालच्यांशी गुण, एवढं पाठ करून घे तिच्याकडून, उगाच डोकं लावत बसू नका." पण पाठ करूनही दोन दिवसांनी पुन्हा तेच. वही उघडली की आम्हा दोघींची वादावादी ठरलेली. तिला समजावत बसू की नियम घोटून घेऊ? – एक आई

उत्तर: ताई, तुमच्या पत्रात सगळ्यात मोलाचं काही असेल तर तो लेकीचा प्रश्न आहे. गुणल्यावर उत्तर लहान कसं येईल? ज्या मुलीला हा प्रश्न पडतो तिचं डोकं चालू आहे. उत्तर काय येईल याचा तिच्या मनात काहीतरी अंदाज होता आणि आलेलं उत्तर त्यात बसलं नाही, म्हणून ती अडून बसली. पुष्कळ मुलं अडतच नाहीत. १/६ येवो, २ येवो, नाहीतर २४ येवो, खाली दोन रेघा मारून पुढच्या उदाहरणाला लागतात. तेव्हा त्या प्रश्नापासूनच सुरुवात करू. नियम घोटायचा की नाही, ते शेवटी बघू.

तिला विचारा, सहा गुणिले शून्य किती? शून्य म्हणेल. मग सहा मोठे की शून्य? म्हणजे गुणल्यावर उत्तर लहान येतं हे तिला फार आधीपासून माहीत आहे, फक्त कधी तसं बघितलेलं नाही. आता सहा गुणिले एक, म्हणजे सहाच. शून्याने गुणलं की शून्य, एकाने गुणलं की सहा. मग शून्य आणि एक यांच्या मधल्या एखाद्या संख्येने गुणलं तर उत्तर कुठे पडायला हवं? इथे गप्प राहा. तिला बोलू द्या. बहुतेक ती स्वतःच म्हणेल, "शून्य आणि सहाच्या मध्ये."

मग एक उतरंड लिहून दाखवा. ६ × ३ = १८, ६ × २ = १२, ६ × १ = ६, ६ × १/२ = ३, ६ × १/४ = १ १/२. लिहिताना मोठ्याने वाचायचं: सहाची तिप्पट, सहाची दुप्पट, सहाची एक पट, सहाची अर्धी पट, सहाची पाव पट. आतापर्यंत गुणाकार म्हणजे तीच संख्या पुन्हा पुन्हा मिळवणं एवढंच ती शिकलेली असते. अर्ध्या वेळा मिळवणं म्हणजे काय, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण अर्धी पट लगेच समजते. खरी सीमारेषा १ वर आहे. एकाहून मोठ्या संख्येने गुणलं की उत्तर वाढतं, लहान संख्येने गुणलं की घटतं.

एक सावधगिरी मात्र बाळगा. "अपूर्णांकाने गुणलं की उत्तर लहान येतं" असं सांगून मोकळ्या होऊ नका. ५/३ हासुद्धा अपूर्णांकच आहे, आणि ६ × ५/३ म्हणजे १०. एक गैरसमज काढताना दुसरा देऊन बसायला नको.

आता २/३ × १/४ घेऊ. इथे घड्याळाइतकं चांगलं साधन नाही, कारण तासाची ६० मिनिटं दोन, तीन, चार, पाच, सहा, दहा, बारा अशा सगळ्यांनी भागली जातात. पाव तास म्हणजे १५ मिनिटं. त्याचे तीन समान भाग केले तर एकेक ५ मिनिटांचा, त्यातले दोन घेतले की १० मिनिटं. दहा मिनिटं म्हणजे तासाचा सहावा भाग, १/६. मग तिला तिचं उत्तर आठवून द्या: पाव तासाचा काही भाग घेतला आणि दोन तास कसे झाले? तीच हसेल. अर्ध्या तासाचा तिसरा भाग, पाऊण तासाचे २/३, अशी चारदोन उदाहरणं तोंडी करा. ३/४ × २/३ म्हणजे ४५ मिनिटांच्या तीन भागांतले दोन, ३० मिनिटं, म्हणजे अर्धा तास. वही-पेन्सिल लागत नाही, आणि वही उघडली नाही की वादही होत नाही.

पण तिने २ आणले कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे. २/३ चे केले ८/१२, १/४ चे केले ३/१२. मग ८ × ३ = २४, आणि छेद ठेवला तोच, १२. झाले २४/१२, म्हणजे २. छेद समान करण्यात चूक काहीच नाही, ती फक्त फुकटची मेहनत आहे. पुढे छेदही गुणले असते तर २४/१४४ आले असते, आणि तेही शेवटी १/६ च आहेत. चूक झाली ती छेद तसाच ठेवण्यात. आणि तो तसा ठेवायला तिला कुणी शिकवलं? बेरजेने. समच्छेद अपूर्णांकांच्या बेरजेत छेद तसाच ठेवायचा, हे महिनोन्‌महिने तिच्या हातात बसवलंय आपण. अंगवळणी पडलेलं असं सहजी सुटत नाही.

छेद का गुणायचा, ते चौकटीच्या वहीत दाखवा. एक आयत काढा, चार चौकटी आडव्या, तीन चौकटी उभ्या. चार उभ्या पट्ट्यांतली एक पट्टी पेन्सिलीने हलकी रंगवा. हा झाला १/४. त्या पट्टीत तीन चौकटी आहेत, त्यातल्या दोन गडद करा. आता पूर्ण आयतात चौकटी किती? बारा. गडद किती? दोन. २/१२, म्हणजे १/६. बारा कुठून आले? एका बाजूने चार भाग, दुसऱ्या बाजूने तीन भाग, म्हणून तीन चोक बारा. बेरजेत आपण तुकडे एकत्र करतो, म्हणून तुकडे एका मापाचे असावे लागतात. इथे आपण तुकड्याचा तुकडा करतोय, त्यामुळे मापच बदलतं. काही ठिकाणी हेच कागद दुमडून शिकवतात, पण तीन समान घड्या घालताना कागद हमखास वाकडा होतो आणि मुलांचं लक्ष गणितावरून घडीवर जातं. मला चौकटीची वही बरी वाटते.

आता अडीच गुणिले साडेतीन. खरी गोम इथे आहे, म्हणून जरा वेळ काढून वाचा.

तिने काय केलं? २ × ३ = ६, १/२ × १/२ = १/४, दोन्ही जोडून ६ १/४. याला निष्काळजीपणा म्हणू नका. २ १/२ + ३ १/२ करताना पूर्णांकांत पूर्णांक मिळवायचा, अपूर्णांकांत अपूर्णांक मिळवायचा, ५ आणि १ मिळून ६. तिथे ही रीत अगदी बरोबर आहे. तीच रीत तिने इथे वापरली. तिच्या दोन्ही चुकांचं मूळ एकच: बेरजेचे नियम गुणाकारात येऊन बसलेत.

तिला उत्तर चूक आहे असं सांगू नका. तिलाच ते पकडू द्या. विचारा, अडीचची नुसती तिप्पट किती? साडेसात. आपल्याला तर साडेतीन पट हवी आहे, म्हणजे साडेसातहून जास्तच यायला हवं. मग सव्वासहा कसे येतील? हा प्रश्न विचारायला अपूर्णांकांच्या गुणाकाराचा नियम माहीत असण्याची गरजच नाही.

उत्तर चूक आहे हे पटलं की मग वही घ्या. या वेळी दोन चौकटींची लांबी म्हणजे १ असं ठरवा. अडीच म्हणजे पाच चौकटी, साडेतीन म्हणजे सात चौकटी. पाच बाय सातचा आयत काढा. मग अडीचच्या बाजूवर जिथे २ संपतात तिथून, म्हणजे चौथ्या चौकटीनंतर, एक रेघ ओढा. साडेतीनच्या बाजूवर जिथे ३ संपतात तिथून, म्हणजे सहाव्या चौकटीनंतर, दुसरी रेघ. आयताचे चार भाग पडतील. मोठा भाग २ × ३, म्हणजे ६. कोपऱ्यातला चिमुकला भाग १/२ × १/२, फक्त एक चौकट, म्हणजे १/४. हे दोन्ही तिने मोजले होते. उरलेल्या दोन पट्ट्या राहूनच गेल्या. एक २ × १/२, म्हणजे १. दुसरी १/२ × ३, म्हणजे दीड. दोन्ही मिळून अडीच. सव्वासहात अडीच मिळवले की पावणेनऊ, ८ ३/४. हेच खरं उत्तर.

या पट्ट्या तिला स्वतःच्या हाताने रंगवू द्या, वेगवेगळ्या रंगांनी. तुम्ही रंगवून दाखवल्या तर फारसा उपयोग नाही.

तरीही शंका राहिली तर तिला २३ × १४ करायला सांगा. २० × १० = २०० आणि ३ × ४ = १२, झाले २१२, असं ती कधीच करणार नाही. ८० आणि ३० कुठे गेले, हे तिला आपोआप कळतं, कारण उभ्या मांडणीत तिने ते शेकडो वेळा गुणलेत. उत्तर ३२२ येतं. पूर्णांकयुक्त अपूर्णांकांचा गुणाकार हा अगदी याच घरचा आहे. दोन भागांना दोन भागांनी गुणलं की चार गुणाकार होतात.

आता तो आयत पुसू नका. त्याच आयतात शाळेतली रीतही दडलेली आहे. एकूण चौकटी मोजायला सांगा: पाच साते पस्तीस. आणि एका पूर्ण एककात चौकटी किती? दोन बाय दोन, चार. म्हणजे प्रत्येक चौकट १/४, आणि पस्तीस चौकटी म्हणजे ३५/४. आता हेच आकड्यांत मांडा: ५/२ × ७/२ = ३५/४ = ८ ३/४. पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचं अंशाधिक रूप का करायचं, याचं कारण यात दिसतं. अडीचमध्ये अर्धे किती? पाच. साडेतीनमध्ये अर्धे किती? सात. सगळे तुकडे एका जातीचे केले की चार वेगवेगळे गुणाकार करावे लागत नाहीत, एकातच काम भागतं. "छेद गुणिले पूर्णांक अधिक अंश" हे सूत्र ती म्हणत असेलच, पण तीन पूर्णांकांत अर्धे सहा आणि वरचा एक, असं एकदा बोटाने मोजून घ्या. नाहीतर २ २/५ चे २२/५ करणारी मुलं मी कितीतरी पाहिली आहेत.

पूर्ण संख्येला अपूर्णांकाने गुणताना एक ठरावीक चूक होते, तिच्यावरही लक्ष ठेवा. ४ × २/३ करताना मुलं वरही ४ ने गुणतात आणि खालीही, आणि ८/१२ लिहितात. तृतीयांश दोन होते, चौपट केल्यावर आठ तृतीयांश झाले, तुकड्याचं माप काही बदललं नाही. ४ ला ४/१ लिहायची सवय लावली की ही चूक बहुतेक थांबते. आणि हो, ४ × २ ३/८ सारख्या उदाहरणात एक बाजू पूर्ण संख्याच असल्यामुळे चारांऐवजी दोनच गुणाकार होतात. तिथे ४ × २ = ८ आणि ४ × ३/८ = १ १/२, मिळून ९ १/२, असं तोंडी केलं तर मुळीच अडवू नका. अंशाधिक रूप करून ७६/८ पर्यंत जाऊन परत येण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. शिक्षकांनी पायऱ्या मागितल्या तर वहीत पायऱ्या लिहू दे, डोक्यात मात्र दोन्ही वाटा असू देत.

तिला आवडेल असं एक उदाहरण सांगतो. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त अपूर्णांकांच्या गुणाकाराचा नियम आहे तो नेमका तुमच्या नवऱ्याने सांगितलेलाच: अंशांच्या गुणाकाराला छेदांच्या गुणाकाराने भागायचं. त्याखाली सरावासाठी दोन उदाहरणं दिली आहेत. एक अगदी सोपं, १/२ × १/३. दुसरं २ १/३ × २ १/७. हे दुसरं तिला आधी तिच्या जुन्या रीतीने करू द्या. २ × २ = ४, १/३ × १/७ = १/२१, उत्तर ४ १/२१. मग अंशाधिक रूप करून करू द्या: ७/३ × १५/७. सात सातला कापतात, पंधराला तिनाने भागलं की पाच. उत्तर चक्क ५, अपूर्णांकाचा मागमूस नाही. मग पुन्हा चार भागांचा आयत. राहून गेलेल्या दोन पट्ट्या २/७ आणि २/३. त्यांची बेरीज २०/२१. तिच्या ४ १/२१ मध्ये २०/२१ मिळवा, पूर्ण पाच होतात. इथे तिला जी बेरीज छान येते तीही कामाला लागते. आपली जुनी चूक आणि खरं उत्तर यांच्यात नेमकं किती अंतर होतं, हे स्वतः मोजता येणं म्हणजे मुलांना मोठी गंमत असते.

आता त्या काटाकाटीविषयी. वरच्या अंशाने दुसऱ्याचा छेद कापणं मुलांना भारी आवडतं, आणि त्यात उत्साहाच्या भरात दोन अंशच एकमेकांशी कापले जातात, किंवा अधिकच्या चिन्हापलीकडेही कात्री चालते. गुणाकारात अंशाने दुसऱ्याचा छेद कापणं चालतं, कारण शेवटी वर एकच मोठा गुणाकार आहे आणि खाली एकच. १४/१५ × २५/२८ म्हणजे (१४ × २५)/(१५ × २८). वर-खाली दोन्हीकडे जे सामाईक आहे त्याने दोघांना भागायचं. १४ ने १४ आणि २८ ला, ५ ने २५ आणि १५ ला, उरतं ५/६. न कापता केलं तर ३५०/४२० येतात आणि मग ते लहान करत बसायचं. सुरुवातीचे काही दिवस मात्र न कापताच करू द्या, उदाहरणं लहान आकड्यांची निवडा. आणि पूर्णांक शेजारी उभा असताना त्याच्या अपूर्णांकाला हात लावायचा नाही: २ १/३ × २ १/७ मध्ये जोवर अंशाधिक रूप झालेलं नाही तोवर काही कापायचं नाही.

तर नवऱ्याचं बरोबर की तुमचं? नियम त्यांचा बरोबर आहे, वेळ चुकली. नियम पाठ असणं गरजेचंच आहे. परीक्षेत प्रत्येक उदाहरणाला आयत काढत बसायला वेळ नसतो. पण आज तिच्याकडे दोन नियम आहेत, बेरजेचा आणि गुणाकाराचा. दोन्ही नुसते पाठ. दोन दिवसांनी ते एकमेकांत मिसळले तर नवल काय? आयत डोळ्यांसमोर असेल तर कुठला नियम कुठला, हे पडताळून पाहायला तिच्याकडे काहीतरी असेल. म्हणून आधी घड्याळ, मग चौकटीची वही, आणि चारपाच आयत काढून झाल्यावर तिलाच विचारा, "आयत न काढता उत्तर कसं काढशील?" नियम तिच्या तोंडून येईल. मग खुशाल घोटून घ्या. ते काम नवऱ्यावर सोपवलंत तरी हरकत नाही.

रोजच्या वादावादीवर उपाय म्हणून इतकंच करून बघा. उदाहरण सोडवण्याआधी तिने वहीच्या कडेला अंदाज लिहायचा: उत्तर कोणत्या दोन संख्यांच्या मध्ये येईल. ३ ३/४ × १ १/३ असेल तर ३ ३/४ हून जास्त, ७ १/२ हून कमी, बास. (उत्तर ५ आहे.) अंदाज आणि उत्तर जुळलं नाही तर ती स्वतःच मागे जाऊन शोधेल, तुम्हाला "चुकलं" म्हणावं लागणार नाही. निम्मी भांडणं त्या एका शब्दावरूनच होत असतात. आणि दिवसाला तीन-चार उदाहरणं पुरेत. वीस करून घेतलीत तर शेवटची दहा ती न बघता करेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. यानंतर अपूर्णांकांचा भागाकार येईल आणि "दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचं" हा आणखी एक नियम हातात पडेल. गुणाकार पक्का नसताना तो आला की मुलं गुणाकारातही अपूर्णांक उलटे करू लागतात. तेव्हा घरी पुढचा धडा आधीच शिकवून टाकायची घाई करू नका. शाळेत भागाकार सुरू होण्याआधी तिला काहीही न सोडवता एवढंच विचारा: ७/८ × ५/६ हे ५/६ पेक्षा मोठं की लहान? आणि ९/८ × ५/६? दोन्हींची उत्तरं कारणासकट, पेन्सिल न उचलता दिली, तर पुढे जायला हरकत नाही. अडखळली तर पुन्हा घड्याळ काढा. आणि "गुणल्यावर उत्तर मोठंच येणार" असं म्हणाली, तर सहा गुणिले शून्यापासून पुन्हा सुरू करा. त्याला पाच मिनिटं पुरतात.